आकडा निम्मा झाला, रोग नव्हे

जुलै २००७ मध्ये भारतातील एच.आय.व्ही. बाधितांचा अंदाज एकदम खाली आला. आदल्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाने तो ५७ लाख दिला होता; आता तो सुमारे २५ लाख झाला. रोग ओसरला, असे अनेकांनी मानले. वस्तुतः मोजण्याची जागा बदलली होती.

जुना अंदाज मुख्यतः सरकारी दवाखान्यांतील ठराविक केंद्रांवर उभा होता. दरवर्षी सुमारे तीन महिने, प्रसूतिपूर्व तपासणीच्या प्रत्येक केंद्रात ४०० गरोदर स्त्रियांचे आणि गुप्तरोग चिकित्सालयात २५० रुग्णांचे रक्त तपासले जाई. सिफिलिसच्या चाचणीतून उरलेले रक्त, नाव काढून टाकून वापरायचे. (त्यामुळे त्या स्त्रीला स्वतःचा निकाल कधीच कळत नसे. याची चर्चा फारच कमी झाली.) साथ चढते की उतरते हे पाहायला ही रीत चांगली. पण तिच्यावरून देशाची डोकी मोजणे म्हणजे नेत्ररुग्णालयाच्या रांगेवरून गावातले चष्मेवाले मोजणे.

ललित दंडोना व सहकाऱ्यांनी आंध्र प्रदेशातील गुंटूर जिल्ह्यात घरोघरी रक्त तपासले. त्यांच्या २००६ च्या निबंधानुसार केंद्रांवरून काढलेला अंदाज प्रत्यक्षाच्या सुमारे अडीच पट होता. खासगी डॉक्टर बाधितांना सरकारी रुग्णालयात धाडतात, हे त्याचे एक कारण. मग २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सुमारे एक लाख स्त्रीपुरुषांच्या रक्तात प्रमाण ०.२८ टक्के आढळले. तेही अपुरेच, कारण कुंटणखाने, तुरुंग, रस्त्यावरचे ट्रकचालक अशा सर्वेक्षणात सापडत नाहीत. ती भर घालून प्रौढांसाठी ०.३६ टक्के धरले गेले.

माझा आक्षेप वेगळाच आहे. ५७ लाखांसोबत ३४ ते ९४ लाख असा पल्ला दिलेला होता. वृत्तपत्रांनी तो गाळला, हे तर झालेच. पण नवा आकडा त्या पल्ल्याच्याही खाली पडला! नमुना लहान असल्याची चूक पल्ल्यात मावते, नमुना एकाच दारातून घेतल्याची मावत नाही. केंद्रे दुप्पट केली तरी ती जात नाही. सांख्यिकी शिकवताना हा फरक आपण बहुधा पुस्तकी उदाहरणावर उरकतो.

नव्या रीतीने मागची वर्षेही पुन्हा मांडली गेली. तेव्हा २००२ पासूनचे प्रमाण हळूहळू उतरताना दिसले, निम्म्यावर नाही.