पंच की तपासनीस?

श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ २०१८ सालच्या ऑक्टोबरात प्रदर्शित झाला, त्याला आता बरीच वर्षे लोटली. तरी तो पाहिलेली दोन माणसे एकत्र आली की जो वाद सुरू होतो तो अभिनयाविषयी नसतो, संगीताविषयी नसतो आणि नवल म्हणजे खुनांविषयीही नसतो. तो असतो अखेरच्या क्षणी नायकाने काठीने उडवलेल्या एका रिकाम्या डब्याविषयी. त्या डब्यावरून आकाश नावाचा तो पियानोवादक डोळस असल्याचे सिद्ध होते की नाही, होत असल्यास त्याने मैत्रीण सोफीला सांगितलेली हकिकत संपूर्ण बनावट ठरते की अर्धीच, आरंभी कोबीच्या शेतात दिसलेला ससा खरा होता की त्याच हकिकतीतला एक साक्षीदार, काठीच्या मुठीवर सशाचेच मुंडके कशासाठी, अशा मुद्द्यांवर भल्याभल्यांनी वकिली बाण्याने कैफियती मांडल्या आहेत आणि समोरच्याच्या तितक्याच बाण्याने फेटाळून लावल्या आहेत.

हत्या आणि हास्य एकत्र कालवणाऱ्या चित्रपटांची सद्यःस्थिती अजमावायची, तर दिग्दर्शकांच्या मुलाखतींपेक्षा आणि पारितोषिकांच्या याद्यांपेक्षा प्रेक्षक कशावरून भांडतात हे पाहणे मला अधिक भरवशाचे वाटते. आणि ते भांडण गेल्या पाऊणशे वर्षांत फार बदलले आहे. पूर्वीचा प्रेक्षक चित्रगृहाबाहेर पडताना, आपण जिथे हसलो तिथे हसणे योग्य होते काय, या शंकेने अस्वस्थ होई. म्हणजे तो पंचाच्या आसनावर बसलेला असे. आजचा प्रेक्षक खुणा, पुरावे आणि जबान्यांतील विसंगती टिपत बसतो. तो तपासनीस झाला आहे. हा बदल कलेची प्रगती मानावा की प्रेक्षकाचे पलायन, याविषयी माझे स्वतःचे मत बराच काळ एकाच बाजूला झुकलेले होते; त्याला दुसरी बाजू असू शकते हे ‘अंधाधुन’ने दाखवले. (ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी हे वाचन इथेच तहकूब ठेवावे; गुपित राखून पुढचे लिहिता येणार नाही.)

हास्याचे भयानकाशी आणि करुणाशी वैर आहे, असे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त नोंदवले आहे. हा निर्वाळा प्रमाण मानला, तर असला चित्रपट जन्मासच येऊ नये. परंतु विश्वनाथाच्या कितीतरी शतके आधी शूद्रकाने शर्विलकाला भिंतीला भगदाड पाडण्यापूर्वी त्या भगदाडाच्या सौंदर्याची चिकित्सा करायला लावली होती, मापाची दोरी विसरल्यावर जानव्यानेच मोजमाप घ्यायला लावले होते आणि वसंतसेनेचा गळा आवळणाऱ्या शकारालाच फिर्यादी करून न्यायासनापुढे उभे केले होते. देवलांच्या नाटकाने हा शकार मराठी माणसाच्या घरोब्याचा केला. त्याच्या मूर्खपणाला पोट धरून हसणाऱ्या प्रेक्षकाला, हाच मनुष्य थोड्या वेळाने एका स्त्रीच्या गळ्याला हात घालणार आहे, हे पुरते ठाऊक असे, आणि ठाऊक असूनही तो हसे. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तही तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ सिंधूच्या संसाराची राखरांगोळी चालू असतानाच हसवते. तेव्हा आपल्या लोकांना असला काळा विनोद पचत नाही, हे निर्मात्यांच्या कचेऱ्यांतून वरचेवर ऐकू येणारे विधान जुन्या दप्तराशी जुळत नाही.

पंच म्हणून बसलेल्या प्रेक्षकाचे कठोर रूप पाहायचे, तर १९४७ सालच्या न्यूयॉर्ककडे पाहावे. चार्ली चॅप्लिनने ‘मस्यू व्हर्दू’मध्ये आपला जगप्रिय भटक्या बाजूला सारून, श्रीमंत स्त्रियांशी लग्ने लावून त्यांचा काटा काढणारा आणि घरी मात्र पंगू पत्नीवर जीव टाकणारा एक माजी बँक कारकून उभा केला. पहिल्या खेळालाच प्रेक्षकांतून निषेधाचे फूत्कार निघाले, अमेरिकेत चित्रपट पडला, आणि जेम्स एजीसारखा एखाददुसरा समीक्षक तेवढा त्याची बाजू घेऊन लिहीत राहिला. त्या निषेधात चॅप्लिनच्या राजकीय मतांविषयीचा रोषही मिसळलेला होता. तथापि व्हर्दू न्यायालयात महायुद्धातल्या घाऊक संहाराकडे बोट दाखवून स्वतःला हौशी ठरवतो, तेव्हा आपण इतका वेळ कोणाबरोबर हसत होतो, हा प्रश्न प्रेक्षकाच्या अंगावर येतो, आणि तोही त्या रोषाला कारण झाला असला पाहिजे. दोनच वर्षांनी ब्रिटनमध्ये रॉबर्ट हॅमरने ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ काढला. सरदारकीच्या वाटेतले आप्त अत्यंत सभ्यपणे नाहीसे करणारा त्याचा नायक फाशी टळून तुरुंगाबाहेर येतो, आणि सर्व गुन्ह्यांची कबुली देणारे आत्मचरित्र कोठडीतच राहिल्याचे त्याला आठवते. मूळ चित्रपट तिथेच थांबतो. अमेरिकेतल्या आवृत्तीला मात्र ते कागद अधिकाऱ्यांच्या हाती पडल्याचा तुकडा जोडावा लागला, कारण गुन्हेगार सुटला असेल अशी शंकासुद्धा तिथल्या चित्रपट-आचारसंहितेला खपत नव्हती. पंचांनी विचार करण्यापूर्वीच निकाल वाचून दाखवण्याचा हा शिरस्ता पुढे संहितेतून गेला, पण आपल्या पटकथाकारांच्या मनातून तो अद्याप गेलेला नाही. त्याकडे मी परत येईन.

आपल्याकडे या प्रकाराची खरी कसोटी लागली ती १९८३ साली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या कुंदन शाह यांनी राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या सुमारे सात लाखांत ‘जाने भी दो यारो’ उभा केला. मुंबईच्या एका महापालिका आयुक्ताचा बिल्डरकडून खून होतो, दोन कफल्लक छायाचित्रकारांच्या हाती त्याचा पुरावा लागतो, आणि मग डिमेलो आयुक्ताचे प्रेत शवपेटीसकट रस्त्याने धावू लागते. झिंगलेला एक गृहस्थ त्या पेटीला बिघडलेली मोटार समजून आतल्या प्रेताशी सौजन्याने संवाद करतो, आणि अखेर ते प्रेत लुगडे नेसून महाभारताच्या नाट्यप्रयोगात द्रौपदी म्हणून उभे राहते. सतीश शाह यांनी त्या प्रेताला जे व्यक्तिमत्त्व दिले ते पुष्कळ जिवंत पात्रांच्या वाट्याला येत नाही. मराठी रंगभूमीने फुलराणी म्हणून डोक्यावर घेतलेल्या भक्ती बर्वे इथे ‘खबरदार’च्या संपादिका झाल्या आहेत, आणि त्या बाईंची नीतिमत्ताही विकाऊ निघते तेव्हा आपल्या आवडत्या नटीकडून फसवले गेल्याचा एक खास मराठी धक्का बसतो, जो इतर भाषकांना बहुधा बसला नसावा.

प्रथम प्रदर्शनात हा चित्रपट बेताचाच चालला. त्याचा लौकिक पुढे, मुख्यतः दूरदर्शनमुळे, वाढला. पण प्रेक्षकांच्या स्मृतीने त्याच्यावर एक अन्याय केला आहे. कोणालाही विचारा, तो द्रौपदीचा प्रवेश सांगेल, धृतराष्ट्राची गोंधळलेली पृच्छा सांगेल, आणि सांगता सांगता स्वतःच हसू लागेल. शेवट सांगणारा विरळा. शेवटी सर्व चोर एकमेकांशी तडजोड करतात, पूल कोसळल्याचे बालंट त्या दोन निरपराध मुलांवर येते, आणि कैद्यांच्या वेशात रस्त्यावरून चालताना ती दोघे आपल्याकडे पाहून गळा कापल्याची खूण करतात. ज्या प्रेताला आपण तासभर खेळणे म्हणून हाताळले त्याचे मोल कोणाला चुकते करावे लागले, हे ती खूण सांगते. इथे दैवाने कोणालाही दंड केलेला नाही आणि पटकथेने निकाल वाचून दाखवलेला नाही. शेवट इतका कडू कशाला, हसतखेळत संपला असता तर काय बिघडले असते, अशी तक्रार करणारे प्रेक्षक मी पाहिले आहेत, आणि मला ती या चित्रपटाला मिळालेली सर्वांत प्रामाणिक पावती वाटते.

आता ‘अंधाधुन’. राघवन हेही त्याच संस्थेचे विद्यार्थी, आणि त्यांची कथा घडते पुण्यातच. एका फ्रेंच लघुपटातून त्यांनी बीज उचलले, पण ते इथल्या मातीत इतके रुजवले की उसनवारीची शंका येऊ नये. अंधत्वाचे सोंग घेतलेला आकाश जुन्या काळच्या नटाच्या घरी पियानो वाजवायला जातो, नट जमिनीवर मरून पडलेला असतो, खुनी बंदुकीसह मोरीत असतो, आणि आपण पाहतो आहोत हे चेहऱ्यावर दिसू न देता त्याला वाजवत राहावे लागते. त्याच्या सुरावटीवर नटाची पत्नी सिमी आणि तिचा प्रियकर मुकाट्याने फरशी पुसतात, प्रेत पेटीत कोंबतात, एकमेकांना खाणाखुणा करतात. हिंदी चित्रपटात हत्येचे इतके घरगुती, इतके झाडलोटीच्या पातळीवरचे चित्रण क्वचितच झाले असेल, आणि त्या प्रवेशाला चित्रगृहात उसळणारे हसे हे निव्वळ सुटकेचे हसे नसते: त्या घटकेला प्रेक्षकही आकाशसारखाच पाहून न पाहिल्यासारखे करत असतो. पुढे सिमी शेजारच्या वृद्ध डिसाबाईंना उंच इमारतीवरून खाली ढकलते. एक दुबळी, बोलघेवडी, साक्ष द्यायला उत्सुक असलेली बाई दृष्टीआड होते, आकाश पाहतो आणि काहीच करत नाही. इथे हसे थांबते, पण चित्रपट थांबत नाही. तबकडी बदलावी तसा तो लगेच नव्या उलाढालींना लागतो. उत्तरार्ध घसरतो, अवयवांच्या व्यापाराचे प्रकरण अंगापेक्षा बोंगा मोठा झाल्यासारखे वाटते, असे बऱ्याच प्रेक्षकांनी म्हटले, आणि त्यात तथ्य आहे.

पण तो डबा? आकाशच्या सांगण्यानुसार, सिमीचे यकृत विकून, तिनेच मधल्या काळात खरोखर आंधळे केलेल्या आकाशला तिच्या नेत्रपटलांनी दृष्टी द्यावी, ही अवयवांच्या व्यापारातल्या डॉक्टर स्वामींची योजना त्याने नाकारली. सिमीने मात्र सुटका होताच त्याच्याच अंगावर मोटार घालायचा प्रयत्न केला, आणि वाटेत उसळलेला एक ससा काचेवर आदळून ती मेली. हे ऐकून सोफी म्हणते की त्याने डोळे घ्यायला हवे होते. सोफी इथे प्रेक्षकांच्या वतीने बोलते आहे, आणि तिचा निकाल फारसा अवघडून दिलेला नाही. मग तो निघून जातो आणि काठीने डबा उडवतो. तो डोळस असेल, तर डोळे कोणाचे आहेत? म्हणजे खुणा मोजत बसलेला तपासनीस, स्वतःच्या नकळत, नेमक्या त्याच प्रश्नापाशी येऊन पोहोचतो जो त्याला पंच म्हणून टाळायचा होता. आणि ज्याने आकाशला खोटारडा ठरवले त्याने त्याला एका स्त्रीच्या हत्येतही गोवले, मग तो हे बोलून दाखवो वा न दाखवो.

त्यातला सशाचा भाग तर मला या प्रकारच्या साऱ्या चित्रपटांवरचे भाष्य वाटतो. खलनायिका मरावी, पण नायकाचे हात स्वच्छ राहावेत, म्हणून ऐन वेळी निसर्गाने किंवा अपघाताने मदतीला धावून यावे, ही आपल्या पटकथाकारांची जुनी तजवीज. अमेरिकेच्या संहितेने जोडायला लावलेल्या तुकड्याचीच ती सुसंस्कृत बहीण. २०२२ सालचा ‘डार्लिंग्ज’ हा भायखळ्यातला चित्रपट घ्या. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला डांबून त्याचे उट्टे काढणाऱ्या बायकोवर, पुरुषांवरील हिंसेला उत्तेजन दिल्याचा आरोप काहींनी प्रदर्शनाआधीच ठेवला, बहिष्काराच्या हाकाही दिल्या. प्रत्यक्षात चित्रपट त्यांच्या अपेक्षेहून कितीतरी भित्रा निघाला. बायको नवऱ्याला रुळाला बांधते, तिचे मन बदलते, ती त्याला सोडवते, आणि नेमकी तेव्हा आगगाडी येऊन तिचे काम उरकून जाते. शेफाली शाह आणि आलिया भट यांनी माय-लेकींचे जे उत्कृष्ट काम केले त्यावर ती आगगाडी बोळा फिरवते. राघवन यांनीही असाच एक ससा आणला, पण नंतर डबा उडवून त्याच्या साक्षीवर शंका घ्यायला लावली. या एका कारणासाठी मी ‘अंधाधुन’ला त्याच्या सर्व ढिलाईसह वरचा क्रम देतो.

‘डार्लिंग्ज’च्याच वर्षी आलेला मल्याळी ‘मुकुंदन उण्णी असोसिएट्स’ तर सशाची गरजच मानत नाही. त्याचा वकील नायक अपघातांच्या भरपाईच्या दाव्यांवर गबर होतो, आड येणाऱ्यांना नाहीसे करतो आणि शिक्षेविना सुटतो. चित्रपट सर्वस्वी नकारात्मक आहे, त्याला सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळालेच कसे, असा जाहीर सवाल तिथल्याच चित्रसृष्टीतील एका पदाधिकाऱ्याने केला, तेव्हा त्या जुन्या अमेरिकी संहितेला केरळात वारस मिळाल्याचे पाहून मौज वाटली. याउलट वासन बाला यांचा ‘मोनिका, ओ माय डार्लिंग’, तोही पुण्यातलाच, आरंभी तीन पुरुषांकडून खुनाचा चक्क लेखी करार करवून घेतो. इतकी बहारीची कल्पना असूनही प्रेतांची संख्या वाढत जाते तसतसे प्रत्येक प्रेताचे वजन घटत जाते, आणि अखेर कोण मेले यापेक्षा कोण उरले एवढीच मोजदाद शिल्लक राहते.

प्रेक्षक तपासनीस होण्यामागे पाहण्याची बदललेली रीतही आहे. चित्रगृहात डिसाबाई पडल्या की शेजारचे हसणे एकाएकी थांबल्याचे ऐकू येते, आणि आपले उशिरा थांबल्याची लाज वाटते. घरी एकट्याने पाहणाऱ्याला ही लाज मिळत नाही, तिच्या जागी त्याला मागे जाऊन पुन्हा पाहण्याची कळ मिळालेली असते. ‘मोनिका’ आणि ‘डार्लिंग्ज’ हे दोन्ही थेट घरच्या पडद्यावरच आले. त्यांच्याविषयीची मते वाचली की धागेदोरे, संदर्भ आणि जुन्या गाण्यांच्या ओळखी यांची रेलचेल आढळते. कोठे हसावे की नाही याचा संकोच क्वचित.

मराठी चित्रपटाला या सर्वांत सांगण्यासारखे फार थोडे आहे. १९९३ साली महेश कोठारे यांनी ‘झपाटलेला’ काढला, मरणोन्मुख गुंडाचा आत्मा बाहुल्यात घातला, आणि दिलीप प्रभावळकरांच्या आवाजातला तो तात्या विंचू पोरासोरांनी एकाच वेळी घाबरत आणि हसत स्वीकारला. त्या पोरांना आता स्वतःची पोरे आहेत आणि तात्याचे नाव त्यांनाही ठाऊक आहे. त्यापुढचा, प्रौढांसाठीचा, ज्यात खुनी बाहुला नसून शेजारच्या सदनिकेतला सभ्य गृहस्थ आहे असा चित्रपट मराठीत सातत्याने घडलेला नाही. पैसा कमी हे कारण सात लाखांच्या डिमेलोपुढे टिकत नाही, आणि प्रेक्षकांची नाराजी हे कारण शकारापुढे टिकत नाही. पुण्यातले रस्ते, पुण्यातल्या सोसायट्या आणि पुण्यातली संस्था वापरून हिंदीवाल्यांनी दोन चांगले खून करून नेले; मराठी पटकथाकार तेवढ्या काळात कौटुंबिक जिव्हाळ्याची नवनवी प्रकरणे दाखल करण्यात गुंतलेले होते.