अमळनेरचं ‘अज्ञान’ आणि महिनाभराचं प्रमाणपत्र

नव्या प्राध्यापकाला कोण सांभाळतं, हा आजचा प्रश्न. युजीसीचं उत्तर 2019 पासून तयार आहे, ‘गुरु-दक्षता’. नवीन नेमणूक झाली की महिनाभराचा प्रशिक्षण वर्ग. अध्यापन, मूल्यमापन, संशोधन, नियम, सगळं त्यात येतं. कल्पना वाईट नाही. पण बघा, शेवटी मिळणारं प्रमाणपत्र बढतीच्या फाइलला लागतं. मग तिथे बसलेल्याचं अर्धं लक्ष हजेरीच्या सहीकडे असणारच. त्याला दोष कसा द्यायचा?

आता नाशिकहून जरा खानदेशात चला, अमळनेरला. 1916 साली प्रताप शेठजींनी तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा मोठा माणूस तिथे व्याख्यानं देऊन गेला, ती 1930 मध्ये तिथूनच पुस्तकरूपानं निघाली. आणि 1933 मध्ये आलं ‘अज्ञान’. जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती, तिघांचं मिळून एक पुस्तक. मूर्ती तेव्हा जेमतेम तिशीतले. अद्वैतातली एकच संकल्पना, आणि प्रत्येकानं आपापली मांडणी केलेली. एकमत करून छापायचं, असा आग्रह नाही. माझ्या मते नव्या माणसाला घडवणं ते हे. ज्येष्ठासमोर ‘मला हे पटत नाही’ म्हणता आलं पाहिजे, आणि त्याही आधी ‘मला हे कळलं नाही’ असं म्हणता आलं पाहिजे.

अमळनेरचं सोनं करायला नको. एका गिरणीमालकाच्या पैशावर चाललेली ती मूठभर पुरुषांची जागा होती. पण माझं पहिलं वर्ष आठवतं. कांट शिकवताना मी सहा महिने एक गोष्ट चुकीची सांगत होतो. विभागात विचारायची हिंमत नव्हती, कारण तिथलेच लोक माझा अहवाल लिहिणार. शेवटी इतिहासाच्या एका सरांना चहा पिताना सांगितलं. त्यांना कांटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, “उद्या वर्गात जाऊन सांग, चुकलो म्हणून.” सांगितलं. मुलं काही हसली नाहीत. मार्गदर्शक आणि परीक्षक एकच माणूस असला की ही संधी जाते. आजच्या योजनेवर माझा मुख्य आक्षेप हाच.

दुसरा आक्षेप तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचा. महाराष्ट्रात कितीतरी वर्ग त्यांच्याच जिवावर चालतात. त्यांना पगार तासाला, नेमणूक वर्षापुरती. ज्या बढतीसाठी ते प्रमाणपत्र लागतं, ती बढतीच त्यांना नाही. तास संपला की पोरगी स्कूटर काढते, दुसऱ्या कॉलेजचा तास गाठायचा असतो. तिच्याशी बोलायचं तर आपल्यालाच पार्किंगपर्यंत चालत जावं लागेल.