शिरूर ते पेरणे : एका स्तंभाचे वाचन

रणभूमी हीही एक संहिता असते आणि ती कोठून वाचावयास घेतो यावर तिचा अर्थ ठरतो. पुण्याहून मोटारीने आलेला माणूस पेरणे फाट्याजवळ उतरतो, स्तंभाला अभिवादन करतो आणि परततो. म्हणजे तो शेवटचे पान वाचून पुस्तक मिटतो. पहिले पान शिरूरला आहे. म्हणून विद्यार्थ्यांना घेऊन मी दौंडहून न्हावऱ्यामार्गे आधी शिरूरला गेलो. सोबत वाटाड्या नव्हता. नकाशा आणि टिपणे होती.

शिरूर, म्हणजे घोडनदी, ही कंपनी सरकारची छावणी. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी येथून पुण्याकडे निघाली. सुमारे पाचशे पायदळ, अडीचशेवर घोडेस्वार, दोन तोफा. वाटेतला अष्टविनायकाचा रांजणगाव सर्वांना पाठ असतो. या टापूतून रात्रभर पायी गेलेली माणसे कोणाला आठवत नाहीत. मोटारीला तासाभराचे असलेले अंतर त्यांनी रात्र जागून तोडले आणि सकाळी भीमेकाठी पेशव्यांचे सैन्य समोर पाहिले. कोरेगावात दिवसभर लढाई झाली, तीही पाण्याच्या थेंबावाचून. रात्री पेशव्यांची फौज हटली. तुकडीतले २७५ जण ठार, जखमी वा बेपत्ता झाले.

शिरूरकडून येताना गाव अलीकडे लागते, स्तंभ नदीपलीकडे. पूल ओलांडला की लढाई मागे राहते आणि स्मारक सुरू होते. १८२१ साली पायाभरणी झालेला हा स्तंभ जेत्यांनी उभारला. त्यावरील मजकूर ब्रिटिश सैन्याचा गौरव करतो. पण मृतांच्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. जेत्याच्या संहितेत आपली माणसे अशी प्रत्ययापुरती उरली आहेत.

यावर दोन तऱ्हेचे लेखन होते. एक म्हणते, ते पगारी शिपाई होते. त्यांच्याबरोबर इतर जातिधर्मांचेही शिपाई लढले. येथे मुक्तिसंग्राम कसला? दुसरे केवळ जयजयकार करते. पहिल्याची माहिती खरी आहे, निष्कर्ष अपुरा आहे. दुसऱ्याचा अभिमान रास्त आहे, पण तो १ जानेवारी १८१८ लाच थांबतो.

दोघेही १८९२ विसरतात. ज्यांच्या शौर्याचा दगड उभारला, त्यांच्याच वारसांना इंग्रजांनी त्या सुमारास सैन्यभरतीची दारे बंद केली. दगड राहिला, भाकर गेली. मग माजी सैनिकांनी अर्ज केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली लंडनपर्यंत दाद मागितली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभापाशी आले ते याच मागणीच्या परंपरेत. ज्या सरकारने दगडावर नावे कोरली, त्याच सरकारला तो दगड पुरावा म्हणून दाखवण्यात आला. जेत्याच्या प्रशस्तीचे शोषितांनी हक्कपत्र केले!

स्तंभाचा अर्थ १८१८ साली पूर्ण झाला नव्हता. तो आपल्या वाडवडिलांनी घडवला. कोणत्या सैन्यात कोण होते, एवढ्यावर त्याचा निकाल लागत नाही. २०१८ च्या हिंसाचारानंतर या जागेकडे केवळ वाद म्हणून पाहण्याची सवय लागली आहे. अशा वेळी आपल्या तरुणांनी तयार घोषणा घेऊन येथे येऊ नये. शिरूरहून निघावे, कोरेगावात थांबावे, मग पूल ओलांडावा. ‘नाक’ असलेली नावे मोठ्याने वाचावीत आणि विचारावे : आज आपला अर्ज कोणता, आणि तो कोणाच्या दारी द्यावयाचा?