उपाशी बेडूक आणि एक गाजलेला शोधनिबंध

पाळलेला बेडूक खाईनासा झाला की बहुतेक जण एकच उपाय करून पाहतात. मेलेला किडा किंवा गांडुळाचा तुकडा चिमट्यात धरून त्याच्या तोंडासमोर हलवतात. ‘न हलणारी वस्तू बेडकाला दिसतच नाही’ हे आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेले असते. उपाय त्यातूनच सुचतो. या समजुतीला विज्ञानात प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः एका शोधनिबंधामुळे. त्या निबंधात नेमके काय आहे आणि उपाशी बेडकासमोर तो कितपत उपयोगी पडतो, हे आम्ही येथे तपासणार आहोत.

निबंधाचे नाव ‘बेडकाचा डोळा बेडकाच्या मेंदूला काय सांगतो’. जेरोम लेटविन, हुंबर्तो मातुराना, वॉरन मॅक्कलक आणि वॉल्टर पिट्स या चौघांचा हा निबंध १९५९ साली अमेरिकेत, रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. जीवशास्त्राचा निबंध तेथे कसा? कारण प्रश्न संदेशवहनाचा होता. डोळा मेंदूकडे केवळ उजेड-अंधाराचे ठिपके पाठवतो, की त्यातून काही निवडून पाठवतो?

त्यांनी बेडकासमोर चुंबकाच्या साहाय्याने लहान-मोठ्या वस्तू सरकवल्या आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंमधले विद्युत्-संदेश सूक्ष्म इलेक्ट्रोडने टिपले. काही तंतू स्थिर कडेला प्रतिसाद देत, काही सरकत्या कडेला, काही अचानक पडलेल्या अंधाराला. आणखी एका प्रकारचे तंतू लहान, गोलसर, गडद वस्तू सरकली की जोराने संदेश पाठवत. बेडकाच्या परिसराचे रंगीत छायाचित्र त्याच्यासमोर हलवले तर हे तंतू गप्प राहत. त्याच चित्रावरून माशीएवढी वस्तू सरकवली की ते लगेच जागे होत. ती वस्तू चित्रालाच चिकटवून सगळे चित्र हलवले तर पुन्हा शांतता!

निबंधाचे खरे सामर्थ्य येथे आहे. लेखकांनी नुसते प्रकाशाचे ठिपके न दाखवता बेडकाच्या जगण्यात ज्या गोष्टींना अर्थ आहे त्याच त्याला दाखवल्या. निवड मेंदूच्या आधी, डोळ्यातच सुरू होते, हे त्यातून स्वच्छ दिसले. इतका मोठा निष्कर्ष इतक्या साध्या साधनांनी काढलेला क्वचितच वाचायला मिळतो.

आमचा आक्षेप वेगळ्या जागी आहे. निबंधाच्या आरंभी लेखक सांगतात की आजूबाजूला अन्न असले तरी ते हलत नसेल तर बेडूक उपाशी मरेल. भक्ष्याचा आकार आणि हालचाल यांवरच त्याचे खाणे ठरते. पण प्रयोगात मोजले आहेत ते मज्जातंतूंचे संदेश. खाणे मोजलेले नाही. संदेश पोहोचणे आणि बेडकाने जीभ बाहेर टाकणे यांच्यामध्ये सगळा बेडूक उभा आहे!

दोन पुरावे पाहा. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रोअर दांपत्य आणि वेस्टकॉट यांच्या प्रयोगांत भेकांना (टोडना) जिवंत भुंगे दिले होते. डंखाचा अनुभव आल्यावर भेक भुंगे टाळू लागले, आणि भुंग्यासारख्या दिसणाऱ्या निरुपद्रवी माश्याही. वस्तू तीच, हालचाल तीच. निर्णय मात्र बदलला. पुढे जर्मनीत यॉर्ग-पेटर एव्हर्ट यांनी दाखवले की पट्टी लांबीच्या दिशेने सरकली तर भेक तिला किडा समजून झडप घालतो, तीच उभी धरून सरकवली तर सहसा दुर्लक्ष करतो. मेंदूचा एक विशिष्ट भाग निकामी केला की तो हलणाऱ्या कशावरही झडप घालू लागतो. म्हणजे ‘खा’ या आज्ञेइतकीच ‘खाऊ नको’ ही आज्ञाही महत्त्वाची आहे.

शिवाय सगळे बेडूक सारखे नाहीत. आफ्रिकेतला झेनोपस पाण्यात वासावरून मेलेले अन्नही शोधतो. आपल्याकडचा हिरवा तळेबेडूक मोठा झाल्यावर पाणवनस्पतीही भरपूर खातो.

आता खाईनाशा बेडकाकडे वळू. किडा हलवूनही तो तोंड उघडत नसेल, तर दोष डोळ्यात शोधण्याऐवजी ‘खाऊ नको’ ही आज्ञा कोठून येते ते शोधावे. बेडकाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या तापमानाप्रमाणे बदलते. थंडीत पचन मंदावते आणि भूकही. आपला मोठा पाणबेडूक कोरड्या महिन्यांत जमिनीत दडून उपाशीच राहतो. त्याने उन्हाळ्यात अन्न नाकारले तर तो आजारीच असेल असे नाही. नव्या जागेची भीती, लपायला आडोसा नसणे, सतत हाताळणे हीही कारणे असतात. बेडूक कातडीतून पाणी शोषतो, म्हणून नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्याला बाधते. कातडी वारंवार सुटत असेल, बेडूक मलूल असेल, तर कायट्रिड बुरशीची शंका घ्यावी. १९९९ साली वर्णन झालेली ही बुरशी कातडीतून होणारी क्षारांची देवाणघेवाण बिघडवते. अशा बेडकाला पशुवैद्यकाकडेच न्यावे. बळजबरीने तोंड उघडून अन्न कोंबणे हा घरी करायचा उपाय नव्हे.

धष्टपुष्ट प्रौढ बेडूक काही आठवडे उपाशी राहू शकतो. लहान पिल्लाला तेवढा अवधी नसतो. म्हणून आधी तापमान, पाणी, आडोसा आणि ऋतू पाहावा, मग भक्ष्य.

निबंध वर्गात जरूर सांगावा. त्याच्या तोडीचा प्रयोग सहज सापडणार नाही. मात्र ‘बेडकाला न हलणारे दिसत नाही’ असे वाक्य फळ्यावर लिहून थांबू नये. स्थिर कडेला प्रतिसाद देणारे तंतू याच निबंधात आहेत, हे विद्यार्थ्यांना दाखवावे, आणि विचारावे: डोळ्याने ‘किडा’ असे सांगितल्यावरही बेडूक खात नसेल, तर आपण आणखी काय काय मोजायला हवे?