गंधर्व, वेताळ आणि चौथा माणूस

लोकप्रिय वाङ्मयाकडे आपली समीक्षा बहुधा दोनच प्रकारे पाहत आली आहे : एक तर त्याचा उल्लेखच करावयाचा नाही, किंवा केलाच तर रुचिभ्रंशाचे उदाहरण म्हणून करावयाचा. दोन्ही प्रकारांत मूळ पुस्तक वाचण्याचे कष्ट वाचतात, हाच काय तो लाभ. प्रस्तुत लेखकही आजवर या सोयीचा भागीदार होता. दोन वर्षांपूर्वी एका प्रकाशकाने अमेरिकन लेखिका डेबोरा हार्कनेस यांच्या कादंबरीमालेचा मराठी अनुवाद होऊ शकेल काय, अशी विचारणा केली, तेव्हा नकार देण्याचे मनाशी ठरवूनच मी ती पुस्तके हाती घेतली. नकार दिलाही, परंतु तो ज्या कारणांसाठी द्यावयाचे ठरविले होते त्या कारणांसाठी नव्हे. हा फरक कोठून आला, त्याचा शोध म्हणजे हे टिपण होय.

‘अ डिस्कव्हरी ऑफ विचेस’ (२०११), ‘शॅडो ऑफ नाइट’ (२०१२) आणि ‘द बुक ऑफ लाइफ’ (२०१४) अशी ही मूळ त्रयी. पुढे ‘टाइम्स कन्व्हर्ट’ (२०१८) व ‘द ब्लॅक बर्ड ऑरॅकल’ (२०२४) ही पुस्तके तिला जोडली गेली. लेखिका व्यवसायाने विज्ञानाच्या इतिहासाच्या अभ्यासक आहेत. जॉन डी या सोळाव्या शतकातील गणिती-मांत्रिकाच्या देवदूतांशी झालेल्या संभाषणांवर आणि एलिझाबेथकालीन लंडनमधील विज्ञानव्यवहारावर त्यांचे विद्वन्मान्य ग्रंथ आहेत. कादंबरीची नायिका डायना बिशप हीही किमयाशास्त्राच्या इतिहासाची संशोधक आहे. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात ती ‘अ‍ॅशमोल ७८२’ या क्रमांकाचे हस्तलिखित मागविते, त्यात काहीतरी अमानुष आहे असे जाणवताच घाबरून परत करते, आणि तेथून कथेला आरंभ होतो. या क्रमांकाचे हस्तलिखित त्या ग्रंथालयातून खरोखरच गहाळ झालेले आहे. हरवलेल्या पोथीच्या रिकाम्या जागी कादंबरी उभी करावी, ही कल्पना केवळ बाजारू लेखकाला सुचणारी नव्हे.

या सृष्टीत माणसांखेरीज तीन जाती आहेत : विच, व्हॅम्पायर आणि डेमन. अनुवादकाची पहिली अडचण या तीन शब्दांतच आहे, आणि ती केवळ कोशाची अडचण नाही.

‘व्हॅम्पायर’ला ‘वेताळ’ म्हणावे, असे कोणासही प्रथम सुचेल. रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळकथांचे इंग्रजी रूपांतर केले तेव्हा त्याने शीर्षकातच वेताळाचा व्हॅम्पायर करून टाकला. परंतु एका दिशेने पडलेला पूल दुसऱ्या दिशेनेही भार पेलेलच असे नाही. सोमदेवाच्या कथासरित्सागरातील वेताळ प्रेतात वास करतो, पण त्याची भूक उत्तराची आहे. तो राजाला कोड्यात टाकतो व शेवटी त्याचे प्राण वाचवितो. कोकणात आणि गोव्यात तर तो गावाचा राखणदार देव आहे. हार्कनेसबाईंचा मॅथ्यू क्लेअरमाँट हा दीड हजार वर्षांचा, रक्त पिणारा, ऑक्सफर्डमध्ये जनुकशास्त्राचे संशोधन करणारा सरदारपुत्र आहे. त्याला वेताळ म्हटले तर दोघांवरही अन्याय होईल. येथे ‘व्हॅम्पायर’ हा परका शब्द परकाच ठेवणे अधिक प्रामाणिकपणाचे.

‘डेमन’ची गोष्ट निराळी. हे ख्रिस्ती नरकातील सैतान नव्हेत. ग्रीकांच्या ‘डाइमोन’शी त्यांचे नाते आहे. ते प्रतिभावंत, अस्वस्थ आणि वेडाच्या काठावर वावरणारे आहेत. नाटककार क्रिस्टोफर मार्लो याला लेखिकेने डेमनच केले आहे. ‘राक्षस’, ‘दैत्य’, ‘भूत’ यांपैकी एकही शब्द येथे चालणार नाही. मला मात्र बृहदारण्यकोपनिषदातील तो प्रसंग आठवला. याज्ञवल्क्याला प्रश्न विचारणारा भुज्यु सांगतो की, आपण पतंचल काप्याच्या घरी गेलो असता त्याच्या कन्येला गंधर्वाने झपाटले होते, आणि त्या गंधर्वालाच आपण लोकांच्या अंताविषयी विचारले. बाधाही तीच आणि ज्ञानाची वाटही तीच! ‘गंधर्व’ या शब्दात आज आपण केवळ गोड गळा ऐकतो; त्यातील झपाटणारी शक्ती आपण विसरलो आहोत. एका परदेशी रंजक कादंबरीने आपल्याच शब्दाचा विसरलेला अर्थ परत करावा, हे अनुवादाच्या धंद्यातील एक अनपेक्षित फळ म्हणावयाचे.

तिसरा शब्द ‘विच’. आणि येथे लेखणी थांबते. डायना ही ब्रिजेट बिशपच्या वंशातील दाखविली आहे. ब्रिजेट ही इतिहासातील खरी स्त्री. अमेरिकेतील सेलम येथे १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी देण्यात आले, त्यांत पहिली ती. कादंबरी ब्रिजेटविषयी सहानुभूती बाळगते, हे खरे. परंतु ती खरोखरच चेटकीण होती असे एकदा मानले की फाशी देणाऱ्यांचा आरोप वस्तुतः खरा ठरतो. चूक उरते ती केवळ शिक्षेची. निरपराध स्त्रीचे निरपराधपण हिरावून घेऊन तिला सामर्थ्य बहाल करणे हा सन्मान आहे काय? ज्या वाचकाच्या भोवती ‘डाकीण’ हा शब्द केवळ पुस्तकात राहतो, त्याला हा प्रश्न पडणार नाही. पण नंदुरबारच्या सातपुड्याकडील पाड्यांतून डाकीण ठरविलेल्या स्त्रियांच्या हालअपेष्टा ज्या भाषेत सांगितल्या जातात, आणि ज्या राज्याला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, त्या राज्याच्या भाषेत हा शब्द शृंगारकथेच्या नायिकेला लावताना हात कचरतो. माझ्या नकाराचे पहिले कारण हे.

आता रसाचा प्रश्न घेऊ. भय आणि प्रीती यांचे मिश्रण ही या वाङ्मयप्रकाराची मूळ प्रतिज्ञाच होय. आपल्या साहित्यशास्त्राला हे मिश्रण अपरिचित नव्हते. ते अवघड आहे, एवढे त्याने ओळखले होते. विश्वनाथाने शृंगाराचे जे विरोधी रस सांगितले त्यांत भयानक व बीभत्स दोन्ही आहेत. आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्योतात अशा विरोधाचा परिहार कसा करावा, याच्या वाटा दाखविल्या : एक रस दुसऱ्याचे अंग करावा, दोहोंचे आश्रय वेगळे करावे, किंवा मध्ये तिसरा रस घालावा. व्हॅम्पायरकथेचा दोनशे वर्षांचा इतिहास या तीन वाटांनी चांगला उलगडतो, असे मला वाटते.

पोलिडोरीची कथा (१८१९), ल फानूची ‘कार्मिला’ (१८७२) आणि स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) यांत भयानक हा मुख्य रस असून शृंगार त्याचे अंग होऊन येतो; आकर्षण हे संकटाचेच एक रूप असते. अ‍ॅन राइस यांनी १९७६ साली व्हॅम्पायरलाच निवेदक केले. जो आजवर भयाचे आलंबन होता तो स्वतः भावनेचा आश्रय झाला, आणि भयाच्या जागी करुण आला. स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’पासून (२००५) प्रीती मुख्य झाली व भय तिचे अलंकार बनले. हार्कनेसबाईंचे वैशिष्ट्य असे की त्यांनी मध्ये अद्भुत घातला. ग्रंथालयातील जुन्या चर्मपत्रांचा वास, किमयेची चित्रे, १५९० च्या लंडन व प्राग नगरांतील प्रवास, यांच्या आश्रयाने वाचक भयाकडून प्रीतीकडे सरकतो. शांत व शृंगार यांच्या मध्ये अद्भुत ठेवल्याबद्दल आनंदवर्धनाने ‘नागानंदा’चा दाखला दिला आहे, त्याच जातीची ही युक्ती आहे, आणि पहिल्या पुस्तकाच्या पूर्वार्धात ती पूर्णपणे साधली आहे. ग्रंथालयात डायना वाचीत बसली असता भोवतीची टेबले अमानुष वाचकांनी हळूहळू भरत जातात, तो भाग कोणत्याही उत्तम गूढकथेच्या पंक्तीला बसेल.

पुढे मात्र अद्भुताचे वैभव होते. किल्ला, घोडे, दुर्मिळ मद्ये, पिढीजात धन यांच्या वर्णनात विस्मय जिरून जातो. मॅथ्यूच्या ठिकाणी जे भीषण आहे त्याला ‘रक्तकोप’ या आनुवंशिक व्याधीचे नाव मिळते. आणि भयाचे निदान झाले की भय उरत नाही, केवळ शुश्रूषा उरते. राहिलेले क्रौर्य बेंजामिन या त्याच्याच पुत्राकडे सोपविले जाते : प्रीती एकाकडे, भय दुसऱ्याकडे. ही आश्रयभेदाची वाट शास्त्रशुद्ध खरी; पण ज्या प्रश्नासाठी कथा मांडली, तो प्रश्नच तिने टळतो. जो आपल्याला मारू शकतो त्याच्यावर प्रेम करणे म्हणजे काय, हे विचारण्याचे धैर्य पहिल्या शंभर पानांत आहे. उत्तर देण्याचे धैर्य पुढच्या हजारांत नाही. रक्षण आणि नियंत्रण यांतील भेद डायना वारंवार बोलून दाखविते; कथानक मात्र प्रत्येक वेळी मॅथ्यूच्या दक्षतेला संकट आणून खरे ठरविते.

तथापि मला सर्वांत अधिक विचार करावयास लावले ते कथेतील ‘करारा’ने. तिन्ही जातींनी परस्परांत विवाह करू नये, असा जुना करार आहे. प्रत्येकीचे तीन याप्रमाणे नऊ सभासदांचे एक मंडळ तो अमलात आणते. भारतीय वाचकाला यात नवल ते काय! रक्तशुद्धी, बहिष्कार, पंचायत हे सारे त्याच्या घरचेच आहे. स्वजातिविवाह हेच जातिसंस्थेचे मर्म आहे, असे डॉ. आंबेडकरांनी १९१६ सालच्या आपल्या निबंधातच दाखवून दिले होते. कादंबरीही त्याच निष्कर्षाच्या दिशेने जाते : भेद मानलेल्या जाती रक्ताने एकमेकींत मिसळलेल्या आहेत, हे विज्ञानाने सिद्ध होते आणि करार मोडतो. येथवर लेखिकेचे अभिनंदन करावे, असेच मन म्हणते.

पण मंडळात माणूस नाही. तीन जातींतील भिंती पडतात. चौथी जात, म्हणजे तुम्ही-आम्ही, भिंतीच्या बाहेरच राहते. माणसे या कथेत नोकर आहेत, सहकारी आहेत, क्वचित बळी आहेत. इतिहास घडविणारे ते नव्हेत, कारण इतिहासातील थोर माणसे पुष्कळदा माणसे नव्हतीच, असे निघते. फीबी या मानवकन्येला व्हॅम्पायरशी विवाह करावयाचा आहे. तिला प्रवेश मिळतो, पण व्हॅम्पायर होऊन. वरच्या तिघांनी आपसांत रोटी-बेटी व्यवहार सुरू करावा आणि चौथ्याने आत येण्यासाठी आपले चौथेपण टाकावे, ही समता आपल्याला फार ओळखीची आहे. आणि या अन्यायाची जाणीव कथेतील एकाही सहृदय पात्राला होत नाही, हे त्याहून ओळखीचे. माझ्या नकाराचे दुसरे कारण हे.

शेवटी त्या पोथीविषयी. अ‍ॅशमोल ७८२ ची पाने या जातींच्या कातड्याची आहेत, असे पुढे उघड होते. ज्यांचा वंशवृत्तांत त्यात लिहिला, त्यांच्याच देहांवर तो लिहिला आहे. या मालेतील ही सर्वांत भयंकर आणि सर्वांत खरी प्रतिमा होय. प्रत्येक वंशावळ कोणाच्या तरी कातड्यावर लिहिलेली असते, हे इतिहासकार लेखिकेला ठाऊक आहे. कादंबरीकार लेखिकेने मात्र तो मजकूर अखेर नायिकेच्या देहात सुखरूप विरघळवून टाकला आणि पाने कोरी केली.

प्रकाशकाला नकार कळविल्यानंतरही ही पुस्तके मी परत केली नाहीत. कपाटात ती उपनिषदाच्या शेजारी नाहीत, पण फार दूरही नाहीत. ‘गंधर्व’ या शब्दापुढे माझ्या टिपणवहीत आता एक नवा अर्थ लिहिलेला आहे; आणि ‘विच’पुढची जागा मी अजून रिकामी ठेवली आहे.