झग्याचा चिखल

इंग्रजी कादंबऱ्यांवरच्या बी.बी.सी.च्या पोशाखी मालिकांना आपल्याकडचे प्राध्यापक लोक फार मान देतात. 'क्लासिक' म्हणतात. हवेल्या, मेणबत्त्या, पियानो, कमरेत वाकून नमस्कार. बी.ए.ची पोरं पुस्तकाऐवजी ह्याच मालिका बघून पेपर लिहितात. तेव्हा त्यांची समीक्षा आपणच केली पाहिजे. 'सुंदर छायाचित्रण' एवढ्यावर ती भागणार नाही. आमचा प्रश्न साधा आहे : हे कपडे धुतो कोण?

प्रश्न हवेतला नाही. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) मध्ये एलिझाबेथ बेनेट आजारी बहिणीला बघायला तीन मैल चिखल तुडवीत जाते. परकर सहा इंच चिखलानं माखतो. बिंग्लेच्या बहिणी तिच्या माघारी नाकं मुरडतात. वाचक खूश : काय मानी पोरगी! १९९५ च्या मालिकेत, अँड्र्यू डेव्हिसच्या पटकथेत, जेनिफर एलीनं ही एलिझाबेथ झकास उभी केलीय. ते मान्य करू. पण त्या परकराचं पुढं काय झालं? एलिझाबेथ पुन्हा स्वच्छ. मधलं काम गायब.

कादंबरीत नोकरांची एखाददुसरी नावं येतात, बाकी सगळे बिननावाचे. लेखिकेला ते परवडतं. 'दार उघडलं' असं लिहिलं की दार उघडतं. कॅमेऱ्याला तसं जमत नाही. दार उघडायला हाडामांसाचा माणूस लागतो. सूप वाढायला हात लागतो. म्हणजे जो माणूस पुस्तकात नव्हताच, तो मालिकेला चौकटीत उभा करावा लागतो. आणि एकदा उभा केल्यावर त्याचं तोंड शिवून टाकतात. नट पगार घेतो तो चेहरा नसल्यासारखा दिसण्याचा. कादंबरीत जे न लिहिणं होतं, ते मालिकेत समोर दिसत असून न बघणं होतं. हा गुन्हा जास्त मोठा.

यावर ठरलेलं उत्तर असतं : 'आम्ही मूळ कृतीशी प्रामाणिक आहोत.' झूट! १९९५ च्या त्याच मालिकेत डार्सी तळ्यात उडी मारतो आणि ओल्या सदऱ्यानं एलिझाबेथसमोर येतो. हा प्रसंग कादंबरीत नाही. डेव्हिसनं घातला, आणि मालिका गाजली ती त्याच्यावर. डार्सीच्या हवेलीचं बाहेरचं चित्रण चेशायरमधल्या लाइम पार्कला झालं होतं. तिथं मग बघ्यांची गर्दी वाढली. तर मित्रांनो, मालकाच्या ओल्या सदऱ्याला जागा सापडते. तो सदरा पिळणाऱ्या बाईला का सापडत नाही?

जागा सापडते, शोधली तर. जो बेकर ह्या लेखिकेनं २०१३ साली 'लाँगबोर्न' लिहिली. तेच बेनेटांचं घर, पण मोलकरणीच्या बाजूनं. सुरुवातच धुण्याच्या दिवसापासून. पहाट, थंड पाणी, सुजलेली बोटं. एलिझाबेथचा मानी चिखल इथं सारा नावाच्या पोरीच्या वाट्याला येतो. कथानक तेच, फक्त बघणारी बदलली, आणि सगळं बदललं.

ऑस्टिनच्याच 'मॅन्सफिल्ड पार्क' (१८१४) मध्ये हवेलीच्या मालकाची अँटिग्वा बेटावर मिळकत आहे. फॅनी त्याला गुलामांच्या व्यापाराबद्दल विचारते, आणि सगळी खोली गप्प बसते. इंग्रजांनी तो व्यापार १८०७ साली बंद केला, पण गुलामगिरी मोडायचा कायदा यायला १८३३ उजाडलं. एडवर्ड सईदनं १९९३ मध्ये ह्या कादंबरीतल्या अँटिग्वाकडे जगाचं लक्ष वेधलं. १९९९ मध्ये पॅट्रिशिया रोझेमानं सिनेमा केला (मालिका नव्हे, सिनेमा) आणि मळ्यावरचे अत्याचार चित्रांच्या वहीतून दाखवले. 'ऑस्टिन बिघडवली' अशी ओरड झाली. ओला सदरा चालतो, गुलामाची पाठ चालत नाही!

आता डिकन्स. 'ब्लीक हाऊस' (१८५२-५३) सुरूच होते लंडनच्या चिखलानं. तिथं जो नावाचा पोरगा आहे. आई नाही, बाप नाही, अक्षर येत नाही. रस्त्यात झाडू घेऊन उभा राहतो आणि चिखल लोटून वाट करतो. साहेबांचे बूट आणि बायांचे झगे खराब होऊ नयेत म्हणून. त्यावर दोन पैसे मिळाले तर मिळाले. मृत्यूच्या चौकशीत त्याची साक्षच घेत नाहीत, कारण खोटं बोललं तर मेल्यावर काय होतं हे त्याला नीट सांगता येत नाही. म्हणजे डोळ्यानं बघितलेलं खरं नाही, पाठ केलेलं खरं! आणि लेडी डेडलॉकला गुपचूप फिरायचं असतं तेव्हा ती मोलकरणीचे कपडे घालते. मोलकरणीकडे कोण बघतो? पण जो बघतो. त्याला तिच्या हातातल्या अंगठ्या दिसतात.

२००५ ची पंधरा भागांची मालिका ह्या पोराला चेहरा देते. हॅरी एडननं काम चांगलं केलंय. पण एक गोष्ट हुकली. कादंबरीत जो मेल्यावर निवेदक एकदम वळतो आणि राणीला, उमरावांना, पाद्र्यांना उद्देशून बोलतो : अशी पोरं रोज मरतायत. मालिकेत तो निवेदकच नाही. उरतात अश्रू. डिकन्सनं बोट रोखलं होतं, मालिकेनं रुमाल दिला.

जोचा झाडू आपल्याला ओळखीचा वाटतो, पण गल्लत नको. जोच्या हातात झाडू होता तो पोटासाठी. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू होता तो स्वतःची पावलं पुसण्यासाठी. बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये हे लिहून ठेवलंय. जोला भुकेनं मारलं, पण त्याच्या पावलाचा विटाळ नव्हता. फरक लक्षात ठेवूनच तुलना करा.

म्हणून काय, ह्या मालिका बघायच्या नाहीत? बघायच्या. इंग्रजी कादंबरी ही कुणा प्राध्यापकाची खाजगी मिळकत नाही. पण अभ्यासमंडळात बसून बघा, हातात कागद घेऊन. प्रत्येक भागात काम करताना किती माणसं दिसली, त्यातली किती बोलली, किती जणांना नाव होतं, हे मांडा. तोच कागद घेऊन मग आपल्याकडच्या पेशवाईवरच्या मालिकांसमोर बसा. शनिवारवाडा लख्ख दिसतो. तो झाडला कुणी, ते लिहा.