साथीची उमेदवारी आणि दातारांचे व्हायोलिन

पाश्चात्त्य वाद्यवृंदात व्हायोलावादकाची उमेदवारी मधल्या रांगेत जाते. व्हायोलिनपेक्षा एका पंचमाने खाली जुळवलेल्या या वाद्याला सहसा मुख्य धून मिळत नाही. वरचे आणि खालचे सूर सांधण्याचे काम त्याचे. हिंदुस्थानी संगीतात व्हायोला रुजला नाही. ती मधली जागा आपल्याकडे गायकामागच्या व्हायोलिनने घेतली. म्हणून पं. डी. के. दातार यांच्या सुरुवातीच्या काळाकडे मी साथीच्या अंगाने पाहतो.

1932 साली जन्मलेल्या दातारांना विघ्नेश्वर शास्त्रींची तालीम मिळाली आणि तरुणपणीच द. वि. पलुस्करांची साथ करण्याची संधीही. काळ अनुकूल होता. 1940 साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षे टिकली. मींड न निघणारी पेटी बाजूला झाल्यावर सारंगी आणि व्हायोलिन यांचे महत्त्व वाढले.

साथ म्हणजे काय, हे आमच्या बुलढाणा जिल्ह्यात वेगळे सांगावे लागत नाही. शेगावच्या दिंड्यांपासून गावोगावच्या सप्ताहांपर्यंत बुवांचा अभंग उचलून धरणारा पेटीवाला सर्वांनी पाहिलेला असतो. पण पेटीवाला स्वर भरतो; व्हायोलिनवाल्याला दोन स्वरांमधली वाटही गायकाच्या मागून चालावी लागते. श्वास कुठे संपला, शब्द कुठे लांबला, हे हाताला कळावे लागते.

1955 साली पलुस्कर वयाच्या 34 व्या वर्षी गेले. दातार तेव्हा 23 वर्षांचे होते. त्यांच्या पुढच्या एकलवादनात मला त्या साथीची शिस्त ऐकू येते: आलापात घाई नाही, गज उचलण्याआधी वाक्य पुरे होते, द्रुतातही चमत्काराचा सोस नाही. ‘गायकी अंग’ या नावाने त्यांची स्तुती होते, ती योग्यच आहे. पण ते नुसते अनुकरण मानले तर अन्याय होईल. शब्दांचा आधार नसताना गाण्याची ठेवण टिकवणे ही स्वतंत्र निर्मिती आहे.

याची किंमतही होती. पं. व्ही. जी. जोग यांनी अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडेही शिक्षण घेतले आणि तंतकारी, लयकारी व्हायोलिनवर आणली. गज आणि तार यांच्यातला तो खेळ दातारांच्या वादनात मला कमी वाटतो. कंठाशी निष्ठा ठेवताना वाद्याच्या काही शक्यता त्यांनी दूर ठेवल्या.

तरीही माझा कौल त्या उमेदवारीच्या बाजूने आहे. आज तालुक्याच्या गावातही मूल परीक्षेपुरता राग बसवते आणि थेट एकल वाजवायला बसते. कुणाच्या मागे बसून ऐकण्याची वर्षे अभ्यासक्रमात नाहीत. दातारांचे वादन सांगते की ती वर्षे वाया जात नाहीत. पुढे एकट्याने बोलायची वेळ आली की तीच उपयोगी पडतात.